आकडी

बिशप शमुवेल अमोलिक आमच्या गल्लीत राहायला आले
तेव्हा सामानात दोन पेट्या, एक टाइपरायटर
आणि टोकाला वाकवलेली, चांदीचं वळं बसवलेली काठी.
मेंढपाळाची, म्हणाले.
मेंढरं किती? मी विचारलं.
बोटं मोजून म्हणाले, अकरा.
नाताळात चौदा.

वास्कोत पाद्री पुष्कळ. बायको असलेला हा पहिलाच.
मासळीवाली क्लिमेंतीन पाटी उतरवून
हन्नाबाईंकडे बघत राहायची: ‘पाद्र्याक बायल?’
आणि वाट्यावर दोन बांगडे जास्तीचे टाकायची,
कीव म्हणून की कौतुक म्हणून, कळलं नाही.

रेल्वेच्या साहेबांनी बांधलेलं चॅपल, बंदराकडे तोंड करून.
साहेब गेले. घंटा कुणीतरी नेली.
तिच्या जागी साखळीला रुळाचा हातभर तुकडा,
लोको शेडच्या भंगारातून मीच आणलेला, नोंद न करता.
वेदीवरचं पांढरं कापड ते शनिवारी स्वतः धुवायचे,
रविवारी सकाळी त्याच्यावर धक्क्यावरची लाल धूळ.
‘देवानं सही केली,’ म्हणायचे,
आणि उपासनेला सुरुवात.

त्यांनी स्वतः एक सही केली नव्हती.
मिशनच्या शाळेचं मैदान, बांधकामवाल्याचा कागद,
कमिटीनं पेनाचं टोपणसुद्धा काढून ठेवलेलं.
‘माझा बाप गावकुसाबाहेरचा.
त्याला जन्मात पहिल्यांदा कुणी आत ये म्हटलं
ते त्या शाळेच्या पायरीवर.
ती पायरी कितीला लावू?’
राजीनामा तीन ओळींचा होता. सही पुढच्या माणसानं केली.
हे मला एकदाच सांगितलं,
कैऱ्या काढताना.

हो, कैऱ्या. क्लिमेंतीनचा मानकुराद कुंपणावरून वाकलेला,
आणि हे जांभळ्या सदऱ्यात, धुऊन धुऊन सोलकढीच्या रंगाच्या,
ती काठी उंच धरून फांदी ओढतायत.
मी म्हटलं, बिशपसाहेब, ही पवित्र वस्तू!
म्हणाले, आकडीच आहे ही. बघ, किती वर्षांनी कामाला लागली.

मी दर रविवारी चॅपलच्या उंबऱ्याशी बसायचो.
चपला बाहेर, मी अर्धा बाहेर.
नऊ वर्षांत ते एकदाही म्हणाले नाहीत, आत ये.
मला वाटायचं, माझा मान ठेवतात.
त्याचा राग मला ते गेल्यावर आला.

गेले मे महिन्यात, मंगळवारी, दुपारच्या चहाआधी.
टाइपरायटरमध्ये कागद होता, त्यावर फक्त तारीख.
रेल्वेच्या जुन्या दफनभूमीचं कुलूप हन्नाबाईंच्या वेळेपासून गंजलेलं,
ते मी करवतीनं कापलं.
हातभर खाली चिरा लागला, पहार नुसती ठिणग्या काढी.
अकराजण म्हातारे, पेटी उचलेना,
तेव्हा फादर अगोस्तिन्यू फुटबॉलची चार पोरं घेऊन आले,
बूट घातलेलीच.

रूळ मी वाजवला. वर्षाला एक, एक्याऐंशी ठोके.
चव्वेचाळीसला बंदराकडून येणाऱ्या मालगाडीनं लांब भोंगा दिला
आणि माझा आकडा चुकला.
पुन्हा एकपासून धरलं.
वास्कोच्या हिशेबानं बिशप एकशेपंचवीस वर्षांचे होऊन वारले.

महिन्यानं गाडी आली, काठी न्यायला.
दोन तरुण, इस्त्रीचे कपडे, यादी.
वळणात चिकाचा काळा डाग होता,
एकानं रुमाल ओला करून घासला.
नाही निघायचा, मी सांगितलं.
त्यानं पोचपावती पुढे केली.
मी नाव लिहिलं, तारीख लिहिली,
‘मयताशी नातं’ पाशी पेन थांबलं.
गाडीचं इंजिन चालूच होतं.

शेंड्यावरच्या कैऱ्या या वर्षी
तिथंच पिकल्या.